ग्राफिक्स कार्डाचें कुलूप : उघडावें कीं नाहीं?

आंब्याच्या मोसमांत देवगड-रत्नागिरीकडील एखाद्या बागाईतदाराच्या पडवींत फळांची प्रतवारी चाललेली ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना आजचा विषय समजण्यास फारसे सायास पडणार नाहींत. बाग एकच, झाडेंहि तींच. पण मोठें व निर्दोष फळ पहिल्या पेटींत जातें, मध्यम फळ दुसऱ्या पेटींत, आणि ज्याला कोठें डाग आहे तें तिसऱ्या पेटींत. प्रत्येक पेटीचा भाव निराळा. परंतु कधीं कधीं असें होतें कीं, स्वस्त पेटीला गिऱ्हाईक फार आणि डागी फळ थोडें. मग व्यापारी चांगलेंच फळ तिसऱ्या पेटींत भरतो आणि तिसऱ्या भावानें विकतो. अशी पेटी ज्याच्या हातीं पडते तो आपल्या नशिबाची तारीफ करतो. पण त्याच बाजारांत, त्याच भावानें पेटी घेतलेल्या त्याच्या शेजाऱ्याला फळ कापल्यावर आंत साका आढळतो. बाहेरून पाहिलें तर दोन्ही फळें सारखींच.

संगणकाच्या पडद्यावर चित्रें उमटविण्याचें काम करणारें जें ग्राफिक्स कार्ड, त्याचा बाजारहि पुष्कळ अंशीं या पेट्यांसारखाच आहे. तरुण मंडळी स्वस्त कार्ड विकत घेतात आणि त्यांत कांहीं फेरफार करून महाग कार्डाचें काम त्याजकडून करून घेऊं पाहतात. कोणाला खेळ अधिक वेगानें चालवावयाचा असतो, कोणाला चित्रफितींचें संकलन करावयाचें असतें, कोणाला इमारतींचे आराखडे पडद्यावर चहूं बाजूंनीं फिरवून पाहावयाचे असतात. हेतु निराळे, पण मोह एकच : थोडक्या पैशांत अधिक काम. हा मोह सर्वस्वीं निंद्य नाहीं आणि सर्वस्वीं निर्धोकहि नाहीं. ज्या घरांत वर्षभर पैसा पैसा बाजूला टाकून मुलासाठीं संगणक घेतलेला असतो, त्या घरीं हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाहीं. म्हणून हें करावें कीं करूं नये, आणि करावयाचें तर कोठपर्यंत, याचा शांतपणें विचार करणें अगत्याचें आहे.

प्रथम, हें अधिक सामर्थ्य लपलेलें तरी कोठें असतें तें पाहूं. ग्राफिक्स कार्डाचा मेंदू म्हणजे सिलिकॉनची एक लहानशी चिप. अशा पुष्कळ चिपा एका गोल चकतीवर एकदम तयार केल्या जातात, आणि एकेका चिपेंत कोट्यवधि, आतां तर अब्जावधि, ट्रान्झिस्टर असतात. एवढ्या सूक्ष्म कामांत कोठें तरी दोष राहावयाचाच. परंतु चिपेंत एकाच जातीचीं अनेक गणन-एककें शेजारीं शेजारीं बसविलेलीं असतात. त्यांतलीं दोन-चार नादुरुस्त निघालीं तर तेवढीं बंद करून उरलेल्या चिपेचें काम उत्तम चालतें. अशी चिप धाकट्या नांवानें व कमी किंमतीस विकावयाची, असा कारखानदारांचा रिवाज आहे. त्यांत गैर कांहींच नाहीं. माल फुकट जात नाहीं, आणि बेताच्या ऐपतीच्या माणसाला कार्ड मिळतें. पण धाकट्या कार्डाला मागणी वाढून सदोष चिपा पुरेनाशा झाल्या, म्हणजे निर्दोष चिपेंतलींहि कांहीं एककें बंद करून ती धाकट्या नांवानें बाजारांत येते. आंब्याच्या पेटीशीं साम्य आहे तें येथें.

बंद एककांवरचें हें कुलूप तीन ठिकाणीं असूं शकतें. पहिलें, संगणकांत घातलेल्या ड्रायव्हर नांवाच्या आज्ञावलींत. दुसरें, कार्डाच्या अंगावरच आठ पायांच्या एका लहान चिपेंत सांठविलेल्या बायॉसमध्यें. कार्ड सुरू होतांच आपण कोण आणि आपली गति किती हें तें या बायॉसमध्यें वाचतें. तिसरें, खुद्द मुख्य चिपेंत, जेथें लेसरनें किंवा तशाच दुसऱ्या साधनानें जोडणी कायमची तोडलेली असते. पहिलीं दोन कुलुपें उघडूं शकतात. तिसरें उघडत नाहीं. आणि कुलूप उघडलें तरी आंतली खोली नांदती आहे कीं पडकी, हें तें उघडल्यावांचून कळत नाहीं.

याचें पहिलें ठळक उदाहरण सुमारें पाव शतकापूर्वींचें. इ. स. २००२ सालीं कॅनडांतील ए. टी. आय. कंपनीनें रेडिऑन ९७०० या मालिकेचीं कार्डें काढलीं. त्यांच्या चिपेंत चित्रबिंदु रंगविणाऱ्या आठ वाहिन्या होत्या. त्याच सालीं ९५०० नांवाचें धाकटें कार्ड आलें. त्यांत चारच वाहिन्या चालू होत्या. पण चिप तीच होती, आणि कांहीं ९५०० कार्डांचा सांगाडाहि थोरल्या कार्डाचाच होता. अशा कार्डावर स्मृतीच्या चिपा काटकोनांत मांडलेल्या असत व त्यांचा मार्ग २५६ बिटांचा असे. ज्यांवर त्या एका सरळ ओळींत असत, त्यांचा मार्ग निम्म्याच रुंदीचा. जाणत्या लोकांनीं ड्रायव्हरमध्यें फेरफार करून बंद वाहिन्या चालू केल्या. ज्याची चिप निर्दोष होती त्याला धाकट्या किंमतींत थोरलें कार्ड मिळालें. ज्याची सदोष होती त्याच्या पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन उमटूं लागले. तथापि त्या दुसऱ्या माणसाचेंहि कांहीं गेलें नाहीं. कुलूप संगणकांतल्या आज्ञावलींत होतें. जुना ड्रायव्हर पुन्हां घातला कीं कार्ड पूर्ववत् होत असे. डाव हरला तरी पणाला लावलेलें सर्व परत मिळत होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

दुसरें उदाहरण १५ डिसेंबर २०१० चें. ए. टी. आय. कंपनी २००६ सालीं विकत घेणाऱ्या ए. एम. डी. कंपनीनें त्या दिवशीं रेडिऑन एच. डी. ६९७० आणि ६९५० अशीं दोन कार्डें एकदम बाजारांत आणलीं. थोरल्याची किंमत ३६९ डॉलर, धाकट्याची २९९. थोरल्यांत १,५३६ गणन-एककें, धाकट्यांत १,४०८. चिप पुन्हां एकच. थोड्याच दिवसांत असें आढळून आलें कीं, ६९५० वर ६९७० चा बायॉस लिहिला तर बंद असलेलीं १२८ एककें जागीं होतात. शिवाय या कार्डांवर दोन बायॉस ठेवलेले होते, आणि त्यांत निवड करण्यासाठीं एक लहानसें बटण होतें. एक बायॉस बदलतां येई, दुसरा संरक्षित असे. लिखाणांत चूक झालीच तर बटण सरकवून मूळच्या बायॉसवर कार्ड सुरू करावें आणि बिघडलेला पुन्हां लिहावा. ज्या घराला मागचें दार आहे त्या घरांत शिरण्यास भीति कमी असते. म्हणून हा प्रयोग पुष्कळांनीं केला व पुष्कळांना तो साधला.

पण त्यांतहि एक मेख होती. थोरल्याचा बायॉस घातला म्हणजे केवळ एककें जागीं होत नसत. त्याबरोबर चिपेची गति ८०० वरून ८८० मेगाहर्ट्झ होई, आणि स्मृतीची गतिहि चढे. आतां वीजपुरवठा पाहा. मदरबोर्डाच्या खांचेंतून नियमाप्रमाणें ७५ वॅट मिळतात, सहा टोकांच्या जोडणींतून आणखी ७५, आणि आठ टोकांच्या जोडणींतून १५०. धाकट्या कार्डाला सहा टोकांच्या दोन जोडण्या, म्हणजे एकंदर २२५ वॅट. थोरल्याला एक सहाची व एक आठची, म्हणजे ३०० वॅट. कागदावर नांव बदललें म्हणून तारा जाड झाल्या नाहींत, कीं स्मृतीच्या चिपा अधिक काटक झाल्या नाहींत. म्हणून शहाण्यांनीं मधला मार्ग काढला : बायॉस मूळचाच ठेवावा आणि त्यांत फक्त एककांचें कुलूप काढावें, गति व दाब यांना हात लावूं नये. पुढें निघालेल्या कांहीं कार्डांत तीं एककें कायमचीं तोडलेलीं आढळूं लागलीं, आणि तो प्रकार तेवढ्यावर थांबला.

तिसरें उदाहरण खऱ्या अर्थानें गरीबाच्या कार्डाचें आहे. ऑगस्ट २०१६ मध्यें आलेलें रेडिऑन आर. एक्स. ४६० हें कार्ड अमेरिकेंत सुमारें ११० डॉलरांस मिळे. चिपेंत १,०२४ एककें, त्यांतलीं ८९६ चालू. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बदललेला बायॉस उपलब्ध झाला आणि उरलेलीं १२८ एककेंहि चालू करतां येऊं लागलीं. हिशेब केला तर ही वाढ एकसप्तमांश होते. म्हणजे जें कार्ड सेकंदाला ४० चित्रें दाखवीत होतें तें फार तर ४५ दाखवील. आणि स्मृतीचा मार्ग पूर्वींइतकाच राहिल्यामुळें प्रत्यक्षांत त्याहून कमीच. लाभ खरा आहे, पण तो एवढाच आहे. मात्र या कार्डांपैकीं अनेकांवर ते दोन बायॉस आणि तें बटण नव्हतें. पांच चित्रांसाठीं मागचें दार नसलेल्या घरांत शिरावें काय, हा प्रश्न त्या प्रत्येक तरुणानें स्वतःला विचारावयास हवा होता.

याहून मोठा लाभ त्याच वर्षीं दुसऱ्या एका कार्डांत झाला. जून २०१६ मध्यें निघालेल्या आर. एक्स. ४८० च्या ४ गिगाबाइटांच्या आरंभींच्या कांहीं कार्डांवर प्रत्यक्षांत ८ गिगाबाइट स्मृति बसविलेली होती, आणि केवळ बायॉसनें ती निम्मी झांकलेली होती. बायॉस बदलतांच ती सर्व मोकळी झाली. याच कार्डाचा दुसरा एक धडाहि आहे. कांहींएक फेरफार न करतां तें मदरबोर्डाच्या खांचेंतून ठरलेल्या मर्यादेपेक्षां अधिक वीज ओढतें, असें परीक्षकांना आढळलें. आणि जुलै महिन्यांत कंपनीला नवा ड्रायव्हर देऊन तें सुधारावें लागलें. कारखान्यांतून निघालेल्या कार्डाची ही गोष्ट, तर घरीं दाब व गति चढविणारानें किती जपावें हें निराळें सांगावयास नको.

आतां दुसऱ्या प्रकारच्या फेरफाराकडे वळूं. यांत कोणतेंहि कुलूप उघडावयाचें नसतें. असलेल्या एककांनाच अधिक जोरानें राबवावयाचें असतें. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. येथें शाळेंतलें साधें गणित उपयोगीं पडतें. चिप काम करीत असतां जी वीज खाते, ती गतीच्या प्रमाणांत आणि विद्युद्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. समजा, गति शेंकडा १० नें वाढविली, आणि त्या गतीला चिप स्थिर राहावी म्हणून दाबहि शेंकडा १० नें चढविला. तर १·१ ला १·१ च्या वर्गानें गुणावयाचें. उत्तर सुमारें १·३३. म्हणजे काम वाढलें फार तर शेंकडा दहा, आणि उष्णता वाढली शेंकडा तेहतीस. हा व्यवहार कोणाहि हिशेबी माणसाला पसंत पडण्यासारखा नाहीं.

त्यांतून आपला मुलूख उष्ण. ज्या खोलींत हवेचें उष्णतामान २५ अंश आहे तेथें ७५ अंशांवर राहणारें कार्ड, ४२ अंशांच्या खोलींत त्याच पंख्यानें नव्वदीच्या पलीकडे जातें. नागपूर, अकोला, चंद्रपूर येथें वैशाखांत पारा ४५ च्याहि वर चढतो, हें तेथील लोकांना सांगावयास नको. थंड देशांतील माणसानें आपल्या कार्डावर केलेला प्रयोग पाहून तेच आंकडे येथें जसेच्या तसे घालणें म्हणजे काश्मीरची शाल वऱ्हाडांत मे महिन्यांत पांघरण्यासारखें आहे. आणि गंमत अशी कीं, अलीकडील चिप फार तापली म्हणजे स्वतःच आपली गति कमी करते. मग वाढविलेली गति कागदावर राहते, पंख्याचा आवाज आणि विजेचें बिल मात्र घरांत राहतें.

स्मृतीची गति वाढविण्यांत तर आणखी एक फसवणूक आहे. जी. डी. डी. आर. ५ जातीच्या स्मृतींत, पाठविलेल्या संदेशांत चूक झाल्याचें ओळखण्याची सोय आहे. चूक सांपडली म्हणजे तो संदेश पुन्हां पाठवितां येतो. त्यामुळें स्मृति मर्यादेबाहेर दामटली तरी कार्ड लगेच बंद पडतेंच असें नाहीं. उलट तेंच तेंच पुन्हां पाठविण्यांत वेळ जाऊन काम हळू होऊं शकतें. आंकडा वाढला म्हणून वेग वाढला असें मानणारा मनुष्य येथें हमखास फसतो. प्रत्येक बदलानंतर तेंच काम, त्याच रीतीनें, पुन्हां मोजून पाहणें हाच त्यावर उपाय.

आतां एका प्रसंगाची कल्पना करावी. अकोल्याकडील एखादा विद्यार्थी, घरांत एकच संगणक, संगणकांत एकच कार्ड, आणि मदरबोर्डांत चित्र दाखविण्याची दुसरी सोय नाहीं. परीक्षेचे आराखडे चार दिवसांनीं द्यावयाचे आहेत. वळवाचें आभाळ भरून आलेलें. अशा दुपारीं तो बायॉस लिहावयास बसतो. काम एखाद्या मिनिटाचें. पण नेमकी त्याच मिनिटांत वीज गेली तर बायॉस अर्धा नवा आणि अर्धा पुसलेला राहतो. वीज परत येते, पंखा फिरतो, पण पडदा काळाच. ज्याच्याजवळ दुसरें कार्ड आहे तो त्याच्या साहाय्यानें संगणक सुरू करून बायॉस पुन्हां लिहितो. ज्याच्याजवळ नाहीं, त्याला बायॉसच्या त्या आठ पायांच्या चिपेवर चिमटा लावून बाहेरच्या यंत्रानें लिहिणारा कारागीर शोधावा लागतो. त्यांतहि कांहीं चिपा १·८ व्होल्टांवर चालणाऱ्या असतात. त्यांना ३·३ व्होल्ट दिले तर त्या जळून जाण्याचा संभव असतो. मुलाची उत्सुकता खोटी नव्हती, बुद्धीहि कमी नव्हती. चुकला तो दिवस आणि चुकली ती तयारी.

म्हणून ज्याला हा उद्योग करावयाचाच आहे त्यानें कांहीं पथ्यें पाळावींत. प्रथम मूळच्या बायॉसची प्रत काढून ती संगणकाबाहेर दुसऱ्या ठिकाणीं जपून ठेवावी. आपल्या कार्डावर स्मृतीच्या चिपा कोणत्या कारखान्याच्या आहेत तें पाहून, त्यांना जुळेल असाच बायॉस घ्यावा. एकाच नांवाच्या दोन कार्डांत ही स्मृति निरनिराळी असूं शकते. यू. पी. एस. नसेल तर लिखाणास बसूंच नये. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, थोडीच बदलावी, आणि नंतर तासभर जड काम देऊन पडद्यावर ठिपके किंवा चौकोन येतात कीं काय तें पाहावें. दोष दिसला तर हट्ट न धरतां मागें यावें. आणि कार्डाची हमीची मुदत शिल्लक असेल तर ती संपेपर्यंत धीर धरावा. कंपनीच्या अटी मोडून कार्ड बिघडविल्यावर, जणूं कांहीं केलेंच नाहीं अशा चेहऱ्यानें तें बदलून मागणें हें सभ्य माणसास शोभत नाहीं.

या सर्वांहून निर्धोक असा एक फेरफार आहे, आणि त्याची चर्चा मात्र फार थोडी होते. तो म्हणजे गति तीच ठेवून दाब कमी करणें. पुष्कळ चिपांना कारखान्यांतून गरजेपेक्षां थोडा अधिक दाब दिलेला असतो, कारण सर्वांत दुबळी चिपहि त्या दाबावर चालली पाहिजे. चिपेनें साथ दिली आणि दाब शेंकडा १० नें उतरवितां आला, तर ०·९ चा वर्ग ०·८१. म्हणजे चालू कामाला लागणारी वीज शेंकडा १९ नें कमी. कार्ड थंड राहतें, पंखा शांत होतो, आणि उष्णतेमुळें गति घसरत असेल तर तीहि सुधारते. दाब फारच उतरला तर संगणक अडखळतो, एवढेंच. पुन्हां थोडा चढविला कीं झालें. धूळ झाडणें आणि चिप व उष्णताशोषक यांच्यामधला वाळलेला लेप बदलणें, हे उपायहि असेच कमी खर्चाचे. लेप बदलण्यास कार्ड उघडावें लागतें, तेव्हां हमीचा विचार तेथेंहि करावा.

शेवटीं एक गोष्ट नीतीची. आपल्या पैशांनीं घेतलेल्या कार्डांत आपल्या उपयोगासाठीं बदल करणें आणि तो बदल लपवून तें कार्ड दुसऱ्यास विकणें, यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. सप्टेंबर २०२२ मध्यें इथेरियम या चलनाची रीत बदलली आणि कार्डांच्या बळावर तें मिळविण्याचा धंदा एका दिवसांत संपला. त्या धंद्यांत राबलेलीं असंख्य कार्डें जुन्या बाजारांत आलीं. त्यांतल्या कित्येकांचे बायॉस बदललेले होते. त्यापूर्वींच, अगदीं जुन्या चिपेवर नवें नांव लिहून तें कार्ड नवें म्हणून खपविण्याचे प्रकार इतके वाढले होते कीं, जी. पी. यू.-झेड या परीक्षक आज्ञावलींत २०१८ सालीं अशीं खोटीं कार्डें ओळखण्याची सोय घालावी लागली. जुनें कार्ड मुंबईस लॅमिंग्टन रोडवर घ्यावयाचें असो कीं दिल्लीस नेहरू प्लेसमध्यें, तें चालवून, तपासून, मगच पैसे द्यावेत. आणि विकणारानेंहि मूळचा बायॉस परत घालून, काय केलें होतें तें स्पष्ट सांगून विकावें. साका असलेलें फळ न सांगतां विकणारा बागाईतदार पुढच्या वर्षीं तेंच गिऱ्हाईक पाहत नाहीं.

तात्पर्य, बंद खोलींत कधीं धन असतें, कधीं नुसती पडझड. जेथें परतण्याची वाट शाबूत आहे, तेथें दार लोटून पाहण्यास हरकत नाहीं. त्यांतून ज्ञानहि मिळतें, आणि आपल्या हातांतलें यंत्र आंतून ओळखणारा विद्यार्थी पुढें त्या विद्येंत मागें पडत नाहीं. पण जेथें एकच कार्ड आहे, तेंच पोटापाण्याचें किंवा परीक्षेचें साधन आहे आणि चूक निस्तरण्याची सोय नाहीं, तेथें पांच चित्रांच्या लाभासाठीं हात दाखवून अवलक्षण करून घेऊं नये. कार्ड मुकाट्यानें आहे तसें चालूं द्यावें, त्याची धूळ झाडावी, आणि उरलेला वेळ ज्या कामासाठीं तें घेतलें त्या कामास द्यावा.